आठ का गेला?

दिनकर मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जेवत होतो, आणि जेवण पूर्ण करूनच उठलो. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या काही आठवड्यांत त्यांच्याविषयी जे छापून आले आहे, त्यात प्रत्येकाच्या हातातला घास गळून पडलेला आहे. ‘मायाळू’, ‘मुलींना लेकीसारखे जपणारे’, ‘कोल्हापूरच्या नेमबाजीची माउली’... फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या या माणसाकडे माझी मुलगी अश्विनी चार वर्षे रायफल शिकली. माया मला तरी कधी दिसली नाही. शोकसभेत अश्विनी एकच वाक्य बोलली, आणि त्यावर एका महाशयांनी याच पुरवणीत ‘दुःखाने भांबावलेली शिष्या’ असा शेरा मारला. ती भांबावलेली नव्हती. म्हणून हा लेख.

नव्वदच्या दशकात एका बंद पडलेल्या तालमीमागच्या लांबट शेडमध्ये मास्तरांची रेंज होती. नवख्यांना पहिले काही महिने छर्रा मिळतच नसे; रिकामी रायफल खांद्याला लावून नुसते उभे राहायचे. हात भरून येऊन कुणी मुसमुसू लागले की मास्तर म्हणत, “रडायचं आसंल तर भाईर. हितं रायफल भिजती.” पुढे छर्रा मिळाला तरी लक्ष्याच्या कार्डाकडे बघायला बंदी. छर्रा सुटला की डोळे मिटायचे, तो कुठे लागला ते आधी तोंडाने सांगायचे, मगच मास्तर कार्ड ओढून आणवत. स्वतः मात्र लोखंडी खुर्चीत, लक्ष्याकडे पाठ करून, पोरांच्या तोंडाकडे बघत बसलेले. “कार्ड काय कुटं पळून जातंय व्हय? त्वांड पळतंय.” चुकीचे सांगणाऱ्याला क्षमा नव्हती आणि बरोबर सांगणाऱ्याला शाबासकी नव्हती. मी एकदा न राहवून म्हणालो, “मास्तर, पोरीला एखादा शब्द तरी बरा बोला.” ते म्हणाले, “वकीलसाहेब, बरं बोलायला तुमी हाय की. फी घिऊन बोलताय.”

मग ती निवड स्पर्धा आली. अश्विनी सतरा वर्षांची. शेवटचा छर्रा उरलेला. शेजारच्या जागेवर शिरोळकडची एक नवखी मुलगी होती. तिने घाईत आपला छर्रा अश्विनीच्या कार्डावर मारला. नवख्यांकडून हे होते. परिणामी अश्विनीच्या कार्डावर दोन छिद्रे, एक दहाचे आणि एक आठचे. नियम असा की कुणाचे कोणते हे ठरत नसेल, तर ज्याचे कार्ड त्याला वरचा गुण. शेजारणीच्या पदरी दोन्हीकडून शून्यच. दहा मिळाले तर अश्विनी राज्याच्या संघात, आठ मिळाले तर घरी. पंच दहा लिहायलाच टेकले होते.

प्रचलित कथा सांगते की मुलगी आपण होऊन पुढे आली आणि म्हणाली, दहा माझा नाही. साफ खोटे. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला लागून, नेमका तिच्या पाठीमागे उभा होतो. इतक्या जवळून दुसऱ्या कुणीही पाहिलेले नाही. ती गप्प होती. तिला तो दहा हवा होता. मास्तर पंचांना विचारून आत गेले आणि तिच्यासमोर उभे राहिले. “डोळं मीट. कुटं गेला?” तिने डोळे मिटले. “अश्विनी, कुटं गेला?” मिटल्या पापण्यांखालून पाणी ओघळले, आणि ती म्हणाली, “आठ. डावीकडं, खाली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरेपर्यंत मास्तर थांबले. मग म्हणाले, “दहा तुजा न्हवताच. पर आठ का गेला, त्ये सांग.”

तिला सांगता आले नाही. रायफल त्यांच्या हातात ठेवून ती बाहेर आली आणि पुन्हा तिने ती धरली नाही. लग्नामुळे खेळ सुटला असे लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की लग्न त्यानंतर कित्येक वर्षांनी झाले. मास्तरांशी मी अखेरपर्यंत बोललो नाही. त्याची मला खंत नाही.

शोकसभेत तीच गोड कथा पुन्हा सांगितली गेली तेव्हा अश्विनी उठली. “मास्तरांनी विचारलं नसतं, तर मी बोलले नसते,” एवढे म्हणून बसली. एकही टाळी पडली नाही. महाशय, तिला दहाचा मोह झाला होता हे मान्य केल्याशिवाय तिच्या आठाची किंमत तुम्हाला कशी कळणार? तुम्ही तिचा मोह काढून घेतलात, मास्तरांचा निर्दयपणाही काढून घेतलात... मग त्या दिवसातले उरले काय?

सभेनंतर आम्ही दोघे शेडमध्ये गेलो. तिथे आता बटण दाबले की कार्ड आपोआप सरकत येते. मास्तरांची खुर्ची कुणीतरी लक्ष्याकडे तोंड करून ठेवली होती. अश्विनीने ती उचलून पूर्वीसारखी फिरवली. गुडघे दुखत होते, म्हणून मी तीत टेकलो. ती नेम धरायच्या रेषेवर जाऊन रिकाम्या हातांनी उभी राहिली, आणि तिने डोळे मिटले.

“बाबा, आठ का गेला ते मला तेव्हाच माहीत होतं.”

मी खुर्चीत पुढे सरकलो.

“तुम्ही मागं उभे होता. तुमचा श्वास ऐकू येत होता.”

हे मी मान्य करत नाही. तेवढ्या अंतरावरून श्वास ऐकू येत नाही. शिवाय मी तो रोखून धरला होता, हे मला पक्के आठवते. तसे मी तिला तिथेच सांगणार होतो... पण तिचे डोळे अजून मिटलेले होते, आणि त्या खुर्चीतून कार्ड दिसत नाही. समोर फक्त तोंड दिसते.