मिठाविना मोजलेला वाल

पनवेलच्या एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी वालावर काम करत होतो. दाण्याने अंकुरासाठी साठवून ठेवलेली प्रथिनं किती तापमानापर्यंत आपली घडण टिकवतात, ते पाहायचं होतं. आसपासच्या गावांतून वाल गोळा केले. नेऱ्याच्या एका शेतकरी बाईंनी वाटीभर दिले. बारीक, तांबूस दाणा. सासूच्या वेळेपासून घरचंच बी.

त्यांच्या वालाची प्रथिनं इतरांपेक्षा कितीतरी कमी तापमानाला उलगडली, म्हणजे त्यांची घडण मोडली. मी मोजणी पुन्हा केली, त्याच द्रावणात. उत्तर तेच आलं. पुढे नेऱ्याला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, आमचा वाल कसा निघाला?"

"कच्चा आहे, मावशी. उष्णता सोसत नाही. बियाणं बदला."

परीक्षानळीतल्या प्रथिनावरून शेतातल्या बियाण्याबद्दल असं सांगता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कुणीतरी माझ्या कामाबद्दल आपणहून विचारलं होतं, आणि ठाम उत्तर देताना बरं वाटलं.

लेखासाठी वहीतल्या नोंदी उतरवताना चूक दिसली. त्यांच्या नमुन्यासाठी केलेल्या द्रावणात मी मीठ घातलंच नव्हतं. ही प्रथिनं खारट द्रावणात तग धरतात, मीठ नसलं की लवकर सुटतात. त्यांचे सगळे दाणे मी आधीच दळले होते; उरलेल्या पिठावर मीठ घालून नव्याने मोजणी केली. सगळ्या नमुन्यांत तो वाल सर्वांत शेवटी उलगडला.

पंधरा दिवस मी गेलोच नाही. गेलो तेव्हा भातकापणी आटोपली होती आणि मावशी रिकाम्या खाचरात दुकानातलं वालाचं बी टोकत होत्या. मी चूक सांगितली.

"मीठ इसरलात?" त्या हसल्या. "आमची सून इसरली तर मी घर डोक्यावर घेते."

"जुनं बी थोडं तरी ठेवलंय का?"

"कशाला ठेवू? तुमीच बोललात ना, बदला. भिजवलं, सोललं, बिरडं केलं. दोन दिस पुरलं." मग त्यांचं हसू गेलं. "तुमच्याकडं हाय का?"

"पीठ आहे."

"पिठाला मोड येतो का, मास्तर?"

मी नाही म्हणालो. त्या पुन्हा वाकल्या आणि टोकू लागल्या.

लेख छापून आला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने त्या वालाचे दाणे मागितले. साठा संपला आहे, एवढंच मी त्यांना कळवलं.