चुकलेल्या प्रश्नाचे गुण

धायरीतल्या एका शाळेत आम्ही काही जण हौसेनं गणिताची स्पर्धा घेतो. यंदा मी काढलेला एक प्रश्न चुकला. सिद्ध करायला दिलेलं विधानच खोटं होतं. मुलांनी ते दोन-दोन पानं भरून सिद्ध केलं. आठवीतल्या एकाच मुलीनं लिहिलं, "हे खोटं आहे," आणि खाली ते मोडणारं उदाहरण दिलं.

सहकारी म्हणाले, "प्रश्न रद्द करा, सगळ्यांना गुण द्या. पालक ओरडतील."

ओरडू देत. मी तिला पूर्ण गुण दिले, बाकीच्यांना शून्य.

पालक आलेच. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, चूक तुमची आणि शिक्षा मुलांना?"

"माझी चूक मी बाहेर फळ्यावर लिहिली आहे," मी म्हणालो. "आता चिरंजीवांना विचारा, खोटं त्यांनी सिद्ध कसं केलं?"