दुसरा उमेदवार

मुलाखत घ्यायची तर निदान दोन उमेदवार लागतात, एवढ्याच कारणासाठी मॅडमनी मला विभागप्रमुखपदाचा अर्ज करायला लावला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उल्हासनगरच्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीररचनाशास्त्र शिकवत होतो. मॅडम आमच्या विभागाच्या प्रभारी प्रमुख. आधीचे प्रमुख निवृत्त झाल्यावर ‘कायमचा माणूस मिळेपर्यंत’ म्हणून त्यांना त्या खुर्चीत बसवलं, आणि मग कितीतरी वर्षं कुणी माणूस शोधलाच नाही. वेळापत्रक, परीक्षा, बेवारस प्रेत मिळावं म्हणून पोलिसांकडे खेटे, सगळं त्या बघायच्या. वर स्वतःची लेक्चर्स होतीच.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, मी बदलापूरच्या मराठी शाळेतला. मी एम.डी. करत होतो तेव्हा माझे वर्ग मॅडमनी घेतले. पुढे अधिव्याख्यात्याच्या वरच्या प्रपाठकपदासाठी माझी शिफारस केली आणि ती मंजूर होईपर्यंत ऑफिसचा पिच्छा सोडला नाही. त्यांची स्वतःची बढती मात्र राहूनच गेली. शिफारस विभागप्रमुखानं करायची असते, आणि प्रमुख त्याच होत्या. स्वतःची शिफारस स्वतः कशी करणार? कागदोपत्री त्या शेवटपर्यंत अधिव्याख्यात्याच होत्या.

कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणी समिती येणार असं कळल्यावर संस्थेला एकदम कायमचा प्रमुख हवा झाला. मॅडमनी इतकी वर्षं काम केलंय, ते धरलं जाईलच, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

“अरे, तू नुसता येऊन बस,” मॅडम म्हणाल्या. “तुला काही विचारणार नाहीत. चहा-बिस्किटं खायची आणि परत यायचं.”

“आणि मलाच घेतलं तर?”

“मग पेढे तू दे.”

मुलाखत झाल्यावर संस्थेच्या अध्यक्षांनी मला आत बोलावलं. सिंधी गृहस्थ, कापडाचा धंदा, माणूस वाईट नव्हता.

“साईं, मैंने तो मॅडमच बोला था,” ते म्हणाले. “पण बाहेरचे एक्स्पर्ट ऐकत नाय. प्रभारी का साल गिनती में नहीं, बोलते. प्रपाठक पाहिजे. तो आप निकला.”

मॅडम विच्छेदनगृहात हात धूत होत्या. फॉर्मलिनचा वास जात नाही म्हणून त्या लिंबाची फोड बोटांना चोळायच्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“मी नाही म्हणून कळवतो,” मी म्हणालो.

“कळव. मग बाहेरून कुणाला तरी आणतील. आता या वयात त्याच्या मर्जीनं वागायचं मी?” त्यांनी नळ बंद केला. “दमले रे मी. तू घे.”

मी काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाल्या, “पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा सोमवारी आहे. हाडं मोजून ठेव, पोरं मनगटातली लहान हाडं खिशात घालून नेतात.”

नेमणुकीचं पत्र हातात पडलं त्या दिवशी मी पेढे घेतले नाहीत. कॉलेजात कुणाला द्यायचे, हेच कळेना. घरी सांगितलं तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा पाटावर बसून जेवत होते. त्यांना विभाग, प्रपाठक, प्रभारी यातलं काही समजावून सांगणं अवघड होतं. मी एवढंच म्हणालो, की मॅडमच्या जागी मला नेमलंय.

त्यांनी घास खाली ठेवला. “मंग बाई आता कुठं बसायच्या?”

“स्टाफरूममध्ये.”

“तू बसायचास तिथं?”

“हो.”

त्यांनी ताट पुढे सरकवलं. मग आईला म्हणाले, “भात नको वाढू.”