केशरबाईंचा बुधवार

मंगरूळपीरच्या नगर परिषद शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केशरबाई पडघान यांचा आवाज एवढा मोठा, की घंटा बिघडली होती त्या आठवड्यात मधली सुट्टी त्यांनीच दिली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी "या रे!" म्हटलं, की पहिलीपासून सातवीपर्यंतची सगळी पोरं ताटल्या वाजवत पळत सुटायची आणि गुरुजी हातातला खडू हातातच धरून उभे राहायचे. मानधन असं, की कुणी विचारलं तर बाई विषय बदलतात. तेही सुट्टीच्या महिन्यांत नाही. उन्हाळ्यात स्वयंपाकिणीला भूक लागत नाही, अशी वर कुणाची तरी पक्की खात्री असावी.

नवरा लवकर गेला. मुलगा आणि सून पुण्याला बांधकामावर, आणि नात धम्मदीपा आजीजवळ, आजीच्याच शाळेत तिसरीला. तिची पालक म्हणून केशरबाई शाळा व्यवस्थापन समितीवर होत्या. म्हणजे महिन्यातून एकदा हात धुवायचे, पदर सारखा करायचा, मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीवर बसायचं आणि चहा थंड होईपर्यंत कुणाचं तरी ऐकायचं. ऐकून घेणं हा काही बाईंचा स्वभाव नव्हे, पण त्या बसत.

त्याच समितीवर फूलचंद शेठ होते. शाळेच्या फाटकासमोर त्यांचं किराणा दुकान, घर कडक जैन. हे दोघं चौथीपर्यंत याच शाळेत एका वर्गात होते. शेठचा पोरगा आणि मजुराची पोरगी एकाच टाटपट्टीवर. आता शेठची नातवंडं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. गावातली ज्यांची ज्यांची ऐपत झाली, त्या सगळ्यांची तिकडंच जातात. त्यात फूलचंदांना तरी काय बोलायचं? उलट स्वतःची पोरं गेली तरी हा माणूस शाळेला विसरला नाही. वर्गातले पंखे त्यांचे, पाण्याची टाकी त्यांची. एक चुलतपुतण्या, अंकित, त्याचं कापडाचं दुकान बसलं आणि त्याची मुलगी जिनल फी झेपेना म्हणून या शाळेत दुसरीला आली, तेव्हा शेठनीच तिला हाताला धरून आणून सोडलं होतं.

केशरबाईंचा लाडका वार बुधवार. त्या दिवशी पोरांना अंडं मिळायचं. सरकारनं ते सुरू केलं तेव्हापासून बुधवारी वर्ग कसे भरलेले असत हे हजेरी न बघताही कळायचं. एरवी सोमवारी येणार आणि मंगळवारी शेळ्या राखणार, अशी पोरं बुधवारी भांग पाडून हजर. सोललेलं गरम अंडं ताटलीत पडलं की पोरं ते लगेच खात नसत. आधी खिचडी संपवायची आणि अंडं शेवटी, हळूहळू, पांढरं आधी आणि पिवळं नंतर. बाई दारात उभ्या राहून ते बघत आणि "गिळा लवकर, भांडी कोन घासन?" म्हणून ओरडत. ओरडायच्या, पण हलायच्या नाहीत. त्यांना फार बरं वाटायचं.

मग आदेश आला. अंड्यासाठी आता वेगळा निधी मिळणार नाही. शाळांना द्यायचं असल्यास लोकसहभागातून द्यावं. लोकसहभाग! शब्द कसा गुळगुळीत आहे बघा. ज्या लोकांच्या खिशात सहभागापुरतं काही होतं ते आपली पोरं घेऊन कधीच दुसऱ्या शाळेत गेले. मागं उरले ते हातावर पोट असणारे, आणि आता सहभाग त्यांनी द्यायचा. हा हिशेब ज्यानं मांडला त्याचं लेकरू कुठल्या शाळेत जातं, हे विचारायची फार इच्छा होते.

समितीची बैठक बसली. मुख्याध्यापिका स्नेहा मॅडम भल्या बाई, पण लगेच धास्तावणाऱ्या. त्यांनी आदेश वाचून दाखवला आणि सगळ्यांनी सवयीनं फूलचंद शेठकडं पाहिलं. शेठनी चष्मा काढून पुसला.

"दर बुधवारी साऱ्या शाळेले केळ माह्याकडून," ते म्हणाले. "या वर्षी बी आन पुढच्या बी. लेकराईच्या पोटात ताकद गेल्याशी मतलब."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आणि केशरबाई उठून उभ्या राहिल्या.

"शेठ, केळाले मी नाव नाही ठेवत. सोमवारी द्या, शुक्रवारी द्या, हात जोडून घेतो. पण अंड्याच्या जागी नको. आमी बाया आळीपाळीनं अंडे आनतो, समितीनं फक्त हो म्हना."

"अंडं गेलं तं गेलं ना, केशर. सरकारनंच बंद केलं."

"कुठून गेलं? बजारातून गेलं का? ज्याच्या घरी पैसा हाये त्याचं लेकरू आजबी खाऊन राह्यलं. फक्त आमच्याच पोट्ट्याईच्या ताटातून गेलं."

शेठनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाले, "सरकार देत होतं तवा मी काही बोललो का? ते त्याईचं होतं. आता समितीच्या नावानं शिजन. म्हंजे माह्या नावानं. ते माह्यानं होत नाही, बाई."

इथं खरं तर केशरबाईंनी थांबायला हवं होतं. माणूस मनातलं बोलत होता. पण तोंडाला आवर घालणं त्यांना कधी जमलेलं नाही. "गरिबाच्या ताटात दान टाका, शेठ," त्या म्हणाल्या, "ताटात काय असावं हे सांगू नका."

 फूलचंदांचा चेहरा पडला. चाळीस वर्षं या शाळेला देत आलेला माणूस, त्याला असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं. मॅडमनी घाईघाईनं सांगितलं की हा विषय नाजूक आहे, उद्या पेपरात यायचं, एकमत झाल्याशिवाय आपण काहीच करायचं नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला. केळांचं बोलणंही तिथंच राहिलं, कारण शेठ नमस्कार करून निघून गेले होते.

त्यानंतरचे बुधवार वाईट गेले. अंडं नाही, केळ नाही, नुसती खिचडी. केशरबाई तशा हट्टाला पेटलेल्या. चहापत्तीसुद्धा त्या समोरच्या दुकानातून न घेता पार बसस्टँडपर्यंत चालत जाऊन आणू लागल्या. संध्याकाळी घरोघर फिरून त्यांनी आयांशी बोलणं केलं. कुणाच्या परसात कोंबड्या होत्या, कुणी म्हणालं मजुरीच्या दिवशी दोन अंडी जास्त घेईन. सगळ्या तयार झाल्या. तरी बाईंना झोप लागेना. शेठ हो म्हणाले नाहीत तर? आपल्या तोंडामुळं लेकरांचं केळही गेलं तर? एका बुधवारी धम्मदीपा ताटलीतली खिचडी चिवडत म्हणाली, "आजी, पोट्टे म्हनतात तुह्यामुळं केळ बी गेलं." केशरबाईंनी तिला "गप खाय" म्हटलं आणि आत जाऊन पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं ते.

दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी, पोरं जेवून गेल्यावर, फूलचंद शेठ स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते इकडं कधी आले नव्हते. चपला बाहेर काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही. त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथं एक छोटं झाकणाचं पातेलं, एक पळी आणि एक ताटली वेगळी मांडलेली होती.

"हे काय हाये?"

"जिनलचं." केशरबाईंनी मागं वळून पाहिलंही नाही. "अंड्याच्या दिवशी तिची खिचडी येगळी शिजे. पयले तिले वाढत होती, ती जेवून उठली की मंग अंड्याचं झाकन उघडत होती."

"तुले कोनं सांगतलं होतं असं कराले?"

"कोन सांगन? तिच्या घरचं मले मालूम नाही का? लेकरू हाये, वास आला तं जेवन नाही." आता मात्र त्या वळल्या. "तुमच्या लेकराचं ताट मी सांभाळलं, शेठ. आमच्या लेकराईचं तुमी अडवून राह्यले."

शेठ बाहेरच्या पायरीवर बसले. 

"माह्या हातून अंड्याले पैसा जानार नाही, केशर. हातबी वर होनार नाही. मेलो तरी नाही."

"मी मांगतलाच कुठी पैसा? तुमचा धरम तुमी सांभाळा. मी चारचौघात वाकडं बोलली त्याचं मले वाईट वाटते, खरंच वाटते. पण बुधवार मी सोडत नाही."

शेठनी चपला घातल्या आणि ते गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. केशरबाईंना वाटलं, झालं, उद्या हा माणूस विरोधात बसणार आणि मॅडम तेवढ्यावरून फाइल मिटवणार.

दुसऱ्या दिवशी बैठकीला सगळे आले. शेठ नेहमीच्या खुर्चीत. फूलचंद शेठ दिवस मावळायच्या आत जेवतात, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यामुळं बैठका नेहमी दुपारीच ठेवत. हीही तीन वाजता सुरू झाली. आधी गळक्या छपराचा विषय झाला, मग गणवेशांचा. मग स्नेहा मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "आता तो आपला... बुधवारचा विषय. हजर असलेल्या सर्वांचं एकमत असेल तरच. ज्यांची संमती आहे त्यांनी..."

"थांबा, मॅडम." फूलचंद शेठ उभे राहिले. केशरबाईंनी खाली मान घातली. "तुमचं चालू द्या. मले निघा लागते. दिवस बुडून राह्यला, जेवाची येळ झाली माही."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानावर डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. चार वाजायचे होते. कुणी हसलं नाही. कुणाची हिंमत झाली नाही हसायची. शेठ टोपी डोक्यावर ठेवून सरळ दाराबाहेर पडले.

केशरबाईंना कळायला एक क्षण लागला. कळलं तशा त्या खुर्ची मागं सारून धावल्या. फाटकापाशी त्यांनी शेठना गाठलं.  त्या माणसाच्या पाया पडावं की त्याला हाक मारून रडावं, हे त्यांना कळेना.

"शेठ," त्यांना एवढंच बोलता आलं, "दिवस कुठी बुडाला हो?"

फूलचंदांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून वर लखलखत्या सूर्याकडं पाहिलं आणि मग केशरबाईंकडं.

"मले बुडालेला दिसला," ते म्हणाले. "मले दिसला म्हंजे झालं. तू अथी काय करून राह्यली? आत जा लवकर, तुहा हात वर करायचा राह्यला."