सुधारलेली बंदूक

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच काम बिघडवलं, आणि त्यावरून त्यांच्या सख्ख्या भावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, दुपारी जेवणं झाली, आणि तेव्हापासून माझं डोकं नुसतं गरगरतंय. म्हणून लिहितेय.

अण्णा फिटर. भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर गोडदेवच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दुकान मांडलं. कानस, करवत, दोन पाने आणि लोखंड घट्ट धरायला एक व्हाइस.

बिल्डिंगमधले मिक्सर, कुकर, सायकली, सगळं त्या गॅलरीतून बरं होऊन जायचं. कानस जरा जास्त लागली असं वाटलं तर अण्णा जेवणावरून उठून परत बघायला जायचे. हातातलं काम म्हणजे त्यांचा 'जॉब', आणि जॉब तपासून पास झाल्याशिवाय त्यांना निवांत वाटायचं नाही.

असा माणूस.

तीन वर्षांपूर्वी गावाहून बाळकाका आला. अण्णांचा धाकटा भाऊ, रत्नागिरीकडची आंब्याची बाग तोच बघतो. चादरीत गुंडाळून छऱ्याची बंदूक आणली होती.

"दादा, जरा सुधारून दे. छर्रा निस्ता पानाला लागतो. वांदर हसतात माज्याकडं बघून."

आम्ही हसलो.

"आणि दोन पायांची वांदरं पण हायत तिथं. शेजारचा सदू. बांध सरकवलान मेल्यानं. एक दिवस त्यालाच दाखवतो."

मी तेव्हाही हसले. काकाचं तोंडच तसलं. अण्णा हसले का? आज खूप आठवून बघितलं. नाही आठवत.

चार दिवस गॅलरीत करवत, कानस चालली. पाचव्या दिवशी त्यांनी बंदूक काकाच्या हातात दिली.

"घे. सुधारली."

आठवड्यात काकाचा फोन. स्पीकरवर होता, घरभर ऐकू गेला.

"काय केलीस दादा ही? आधी पानाला तरी लागायचा. आता दहा पावलांवर गळून पडतो. मुंबईत राहून हात गेला तुजा!"

फिटरला 'हात गेला' म्हणणं काय असतं, ते फिटरच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. मला वाटलं, आता अण्णा भडकणार.

अण्णा म्हणाले, "वय झालं रे बाळ्या."

बस्स, एवढंच.

त्या वर्षी काकाने गणपतीला बोलावलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. चतुर्थीच्या आधी दोन दिवस अण्णा फोन हातातून खाली ठेवायचे नाहीत. मी बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

आणि मी काय केलं? मीही काकाचंच खरं मानलं. म्हटलं, "अण्णा, डोळ्यांना दिसत नाही, बोट कापून घ्याल. आता पुरे."

व्हाइस भंगारवाल्याला मीच दिला. अण्णा फक्त "दे" म्हणाले.

आज काका आला, बंदूक घेऊनच. जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर बोलायला लागला.

"यंदा शिमग्यात सदूशी वाजलं. डोक्यात राग. माळ्यावरून बंदूक काढली नि मारली त्याच्यावर. बिघडलीय हे आठवलंच नाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! छर्रा त्याच्या गंजीफ्रॉकला लागला नि टपकन खाली. दोघं त्या छऱ्याकडं बघत राहिलो. मग सदूच म्हणाला, बाळ्या, पाणी पी."

काकाने कपाळाला हात लावला. "नशीब गो बाय माजं. दादाचा हात गेला होता म्हणून वाचलो. नायतर आज तुरुंगात असतो."

लोक हसले. काकाही हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला. बंदूक माझ्याकडे सरकवून म्हणाला, "ही घरात नको मला."

अण्णांच्या गाळ्यातले रामअवधचाचा जेवायला होते. अण्णांचा हात नेमका कुठे चुकला ते बघायचं म्हणून जाताना मी त्यांना गॅलरीत नेऊन बंदूक उघडून घेतली. त्यांनी आतली स्प्रिंग काढली, चष्मा लावला आणि तिचं टोक उजेडात धरून बघितलं.

"बेटी, ये बिगड़ी नहीं है. स्प्रिंग काटी है, इसलिए जोर नहीं. और काट के सिरा देख, कैसा घिसा है. उँगली फिरा. गलती से ऐसा काम नहीं होता."

मी बोट फिरवलं. कापलेलं टोक गुळगुळीत होतं.

तेव्हापासून अण्णांचं ते "सुधारली" डोक्यात फिरतंय.

वाया गेलेला मुलगा मार्गाला लागला की आपण काय म्हणतो? सुधारला म्हणतो. अण्णा तेच म्हणाले होते का? की मीच आता ओढूनताणून जोडतेय?

सरळ सांगायचं ना भावाला, असलं काही करू नको म्हणून! पण काका ऐकला असता? बंदूक परत दिलीच नसती तर? त्याने दुसरी आणली असती. बहुतेक आणलीच असती.

मला तरी सांगायचं होतं. निदान व्हाइस उचलून नेला तेव्हा तरी.

राग येतोय अण्णा तुमचा. आणि स्वतःचा त्याहून जास्त.

काकाला सांगितलं तर म्हणेल, दादाला मी माणूस मारणारा वाटलो? नाही सांगितलं तर गावात अण्णा कायमचे हात गेलेले फिटर. अण्णांनी स्वतःच सांगितलं नाही, मग मी कोण सांगणारी? दुपारपासून इकडून तिकडे फेऱ्या मारतेय. काका आत झोपलाय.

काका, तू फेसबुकवर आहेस. उद्या परतीच्या गाडीत हे वाचशील. रागव माझ्यावर, चालेल.

ते नशीब नव्हतं. ते अण्णा होते.

आणि अण्णा, तुम्हाला हे कळायच्या आधीच तुम्ही गेलात, म्हणून इथे सांगते.

तुमचा जॉब पास झाला. आता निवांत राहा.