पडा बे सगळे

“थांबा, त्याचं तोंड उघडू द्या,” असं म्हणून चाचा पपई कापायची सुरी हवेत तशीच धरायचे आणि मोबाइलच्या पडद्याकडे बघत राहायचे. पडद्यावरच्या चिनी माणसाचं तोंड उघडलं की त्यात आपलं वाक्य बसवायचे. मग गिऱ्हाइकाची पपई कापायचे.

पाटोद्याच्या बाजूला आमचं बाजाराचं गाव. तिथल्या चौकात चाचांचा फळांचा गाडा होता. गुंडांच्या सिनेमांची टर उडवणारा हाँगकाँगचा एक जुना विनोदी सिनेमा त्यांना कुठून तरी मिळाला होता. भाषा कँटोनीज. चाचांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

“कळायचं काय त्यात? गुंड हाय, काळा चष्मा हाय, मागं चार रिकामटेकडे हायत. आपल्याकडं येगळं काय हाय?”

त्यांनी सिनेमाचे तुकडे पाडले, त्यांना आपल्या बोलीत आवाज दिला आणि ते तुकडे मोबाइलवरून तालुकाभर फिरले.

एक तुमच्यापर्यंतही आला असेल. म्होरक्या रुबाबात जिना उतरतो आणि घसरून पडतो. मागचे चौघे एकमेकांकडे बघतात. चाचांच्या आवाजात एक जण म्हणतो, “भाऊ पडलेत. आपुन उभं ऱ्हायलो तर बरं दिसंल का? पडा बे सगळे!” आणि चौघेही निष्ठेने गडगडत खाली येतात.

बाजारात कुणी नुसतं ठेचकाळलं तरी लोक ओरडायचे, “पडा बे!”

आपल्याकडचे भाऊ तुम्हाला सांगायला नकोत. वाढदिवसाला गाडीच्या बॉनेटवर केक, कापायला तलवार, आणि सगळ्यांनी बघावं म्हणून त्याचा व्हिडिओ. त्याला कुणी हरकत घेत नाही. हरकत पपईवाल्यावर घेतली गेली. आमच्या भाऊंची पोरं गाड्यावर आली.

“भाऊंची टिंगल करतो काय बे?”

“त्यो चिनी हाय, बाबा,” चाचा म्हणाले. “तुमचे भाऊ कवा पडले?”

पेपरला बातम्या देणारा मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. चाचांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ते या पोरांनीच भर बाजारात पुरवलं. लोक हसले, आणि त्या हसण्याचा राग चाचांवर निघाला. गाडा उलटा केला. पपया तुडवल्या. चाचांना थोबाडीत मारली, हात जोडून उभं केलं आणि मोबाइलसमोर माफी मागायला लावली.

“आवाज येत न्हाई. परत म्हण.”

चाचांनी परत म्हटलं.

पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो. तक्रार घेतली नाही. “माफी मागितली ना यांनी? मग मिटलं की.” मार ज्याने खाल्ला, माफीही त्यानेच मागितली, आणि तीच माफी प्रकरण मिटल्याचा पुरावा ठरली. तलवारीचे व्हिडिओ त्या दिवशीही सर्वांच्या मोबाइलवर होते.

चाचा मुलीच्या गावी, युसूफ वडगावला, राहायला गेले. मी तिथे जाऊन म्हणालो, “चाचा, वरच्या साहेबांकडे जाऊ. साक्ष मी देतो.”

“पेपरवाले, तक्रारीत नाव लिवावं लागंल ना?”

“लागेल.”

“सिनेमात आमी नाव घेतलं न्हवतं, तरी ही गत. आन् हितं पोरीचं घर हाय.”

मग त्यांनी मोबाइल काढला आणि सगळे तुकडे एकेक करून माझ्यासमोर पुसून टाकले.

चाचा परत आले नाहीत. चौकात गाड्याच्या जागी आता भाऊंच्या वाढदिवसाचा फलक उभा आहे. त्यावर भाऊ हात जोडून हसत आहेत.