बाकांवरचा माईक

आमच्या चर्चची उपासना मोबाईलवरून थेट दाखवायची ठरली ती एका बाईंसाठी. बाई निवृत्त शिक्षिका. चर्चमध्ये गीत सुरू करून द्यायचं काम कित्येक वर्षं त्यांचंच. खुब्याचं हाड मोडलं आणि त्या जयगडला मुलाकडे अंथरुणाला खिळल्या. मुलगा तिथल्या बंदरात कामाला. त्याने पाळकसाहेबांना फोन केला. "आई जेवते, औषधं घेते, पण बोलत नाही. रविवारी सकाळी तर भिंतीकडे तोंड करून पडते."

मंडळीची सेक्रेटरी मी. त्याच दुपारी यादी केली. मोबाईल पाळकसाहेबांचा जुना. स्टँड फोटो स्टुडिओतून, वापरलेला. इंटरनेट पाळकांच्या घरातून वायर ओढून, कारण चर्चच्या जाड चिऱ्यांतून रेंज आत येत नाही. कॉलरला लावायचा माईक तेवढा नवा घ्यायचा. आठवड्यात सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या आणि मी माझ्यावर खूश होते.

पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर जयगडला फोन लावला. बाई स्वतः बोलल्या.

"उपदेश अगदी स्पष्ट आला. पण मला सांग, मंडळी आली होती का?"

"आली होती की बाई, बाक भरले होते."

"मग गात का नव्हती?"

सगळे पोटभर गायले होते. पण माईक होता एकट्या पाळकसाहेबांच्या कॉलरला. यादीत मी सगळं धरलं होतं, बाक धरायचे राहिले होते. बाईंनी मात्र कान लावला होता तो बाकांकडेच.

सोमवारी नाक्यावरच्या स्पीकरवाल्याला गाठलं. गणपती, लग्नं, रात्रभर रंगणारी नमनाची लोकनाट्यं, सगळीकडे माईक त्याचेच. चर्चमध्ये तो कधी आला नव्हता. माझं ऐकून हसायलाच लागला.

"ताई, तुमी पुढच्या गाणाऱ्याला माईक दिलात नि झीलवाल्यांना उपाशी ठेवलात. मागनं झील नाय ऐकू आली तर नमन कसलं?"

झील म्हणजे पुढच्याने ओळ टाकली की मागच्यांनी ती एका सुरात उचलून धरायची. जन्मभर मी चर्चमध्ये तेच करत आले, पण इतक्या सोप्या शब्दांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. चपला बाहेर काढून बाकांमधून फिरला. प्रत्येक कोपऱ्यात एक टाळी वाजवायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. शेवटी मधल्या तुळईला सुतळीने माईक टांगला. "जुना हाय, पण कान शाबूत हायत त्याचे. गणपतीपर्यंत ठेवा तुमच्याकडे."

आम्ही चाचणी घेतली. माईकमधून वादळ सुटल्यासारखा आवाज आला. वरचे पंखे!

"पंखे बंद," तो म्हणाला.

मे महिना होता. रविवारी उपासनेआधी उभी राहून मी मंडळीला सांगितलं की गीतांच्या वेळी पंखे बंद ठेवावे लागतील, बाईंना आपलं गाणं ऐकू जात नाही. वाद होणार हे धरूनच चालले होते.

"उपासना आहे की भट्टी?" मागून एक काका म्हणाले.

त्यांच्या पत्नी पलीकडे बायकांच्या बाकावरून म्हणाल्या, "पंख्याखाली तुम्ही झोपताच. आज जागे तरी राहाल."

चर्चभर हसू पसरलं. आणि तेच काका उठले, बोर्डापाशी गेले, एकेक करत सगळी बटणं बंद करून तिथेच उभे राहिले.

आम्ही गायलो. रुमाल भिजले, पुस्तकांची पानं बोटांना चिकटली, पण कुणी एक कडवं गाळलं नाही. दाराशी स्पीकरवाला कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून उभा होता. ओळखीचं एकही गीत नसताना त्याची मान मात्र ठेक्यावर हलत होती.

उपासना संपताच मी फोन लावला. मुलाने उचलला.

"आई गायली," तो म्हणाला. "एकदा तुमच्याबरोबर. मग तिसरं कडवं परत एकटीच. म्हणाली, त्यांनी घाई केली, कसं गायचं ते तुला दाखवते."

मागून बाईंचा आवाज आला, "घाई पुरुषांच्या बाकांवर झाली, तेही सांग तिला."